पेनाला चढवलेली धाव

मी वसईत टिकलो तो निर्मळच्या रस्त्यावरच्या लोहारकाकांमुळे. त्यांचं नावही विचारायचं राहिलं.

सातवी सोडून बीडहून आलेला मी गोखिवऱ्याच्या कारखान्यात लाकडी पेनांच्या मधोमध पितळी कडी बसवायचो. कितीही डिंक लावा, ती निसटायचीच. शेठ म्हणाले, "उद्या निसटली तर गावची एसटी पकड."

त्याच संध्याकाळी निर्मळच्या रस्त्यावर भुवया जळालेले हे काका बैलगाडीच्या चाकावर तापलेली लोखंडी धाव चढवत होते. माझ्या हातातलं कडी निसटलेलं पेन बघून हसले. "डिंक कसला लावतो येड्या? कडी जराशी लहानच कर. तापव, चढव, पानी ओत. आवळून बसते बघ."

दुसऱ्या दिवशी शेठनी पकडीने ओढून पाहिलं. त्यांना घाम फुटला, कडी हलली नाही! "राहा रे बीडकर," ते म्हणाले.

काका, तुमच्या खिशाला माझ्या हातचं सागवानी पेन लावल्याशिवाय मी राहणार नाही.