तीन आठवडे हसायचं नाही

मी हसले की मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीत तीन मजल्यांवर कळतं. त्यामुळे डॉक्टरांनी "तीन आठवडे हसायचं नाही" असं बजावलं तेव्हा मला आधी हसूच आलं, आणि ते चांगलंच दुखलं.

उसाच्या ट्रॉलीमागे माझी स्कूटर घसरली होती आणि वरच्या ओठाचा मधला तुकडा रस्त्यावरच राहिला होता. डॉक्टरांनी खालच्या ओठाचा तुकडा कापून वर फिरवला, पण एका बाजूने तो खालीच जोडलेला ठेवला. वरचा तुकडा रुजेपर्यंत, म्हणजे तीन आठवडे, त्या चिंचोळ्या पुलावरून त्याला रक्त मिळणार होतं. मध्येच पूल तुटला की ओठ गेला. तोवर मी तोंडाच्या कोपऱ्यातून नळीने ताक पीत होते.

नवऱ्याने बंदोबस्त चोख ठेवला. टीव्ही बंद. माझ्या वात्रट बहिणीला फोनवरही मज्जाव. बघायला येणाऱ्यांना तो दारातच सांगायचा, "चेहरा गंभीर ठेवा." ते बिचारे इतका मनापासून ठेवायचे की मला चादरीत तोंड खुपसावं लागायचं.

आठवड्याभराने शेजारच्या मावशी आल्या. त्या मूळच्या मांजरीच्याच, शेत जाऊन फ्लॅट आलेल्या. हातात पिठलं-भाताचा डबा, मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी नेतात तसा. नवऱ्याला म्हणाल्या, "धीर धरा, भाऊ. लई गुणाची व्हती. आठ दिस तिचं हसणं ऐकलं न्हाई, तवाच पाल चुकचुकली."

मी ताकाचा पेला घेऊन बाहेर आले.

"अगं बया! ही तर हाय!" मावशी डब्यासकट सोफ्यावर कोसळल्या. माझ्या मागोमाग बाहेर आलेल्या सासूबाईंना हसू फुटलं, मग मावशींना. मी दोन्ही हातांनी गाल दाबले, पोट गदागदा हलत होतं. तेवढ्यात पुलापाशी टचकन ओढ बसली. मी मरणाची घाबरले.

रिक्षाने थेट दवाखाना गाठला. डॉक्टरांनी नव्या तुकड्याला सुई टोचली. लाल रक्त आलं तर तो जिवंत, नाहीतर सगळं पाण्यात. मला माझा ओठ दिसत नव्हता, म्हणून मी नवऱ्याचा चेहरा बघत होते. तो पांढरा पडला, मग एकदम ओरडला, "लाल आहे! लालबुंद!"

"अभिनंदन," डॉक्टर म्हणाले. "आता अजून दोन आठवडे सुतक पाळा."

नवरा दारापर्यंत गेला आणि परत आला. "डॉक्टर, नंतर हिला पूर्वीसारखं, म्हणजे अगदी तेवढ्याच मोठ्याने हसता येईल ना?" तो खाली बघत म्हणाला. "घरात करमत नाही हो."