आठ मुसळांची प्रार्थना

१९३४ सालच्या फेब्रुवारीतला पहिला रविवार, कर्जत. उपासनेनंतर थांबलेले: पाळकसाहेब, शाळेचे मास्तर, मास्तरीणबाई, शांताबाई आणि रूथबाई या दोघी म्हाताऱ्या बहिणी, आणि यादी लिहिणारी मी.

बिहारात मोठा भूकंप होऊन तिथल्या एका ख्रिस्ती मंडळीची घरे जमीनदोस्त झाली होती. मदत मागणारे त्यांचे पत्र पाळकसाहेबांनी वाचले. लेकरे झाडाखाली पेंढ्यावर निजतात, उखळे-जाती ढिगाऱ्यात गेली, तेव्हा तसेच चुलीवर चढवता येईल असे धान्य पाठवा, एवढेच मागणे. आसपासच्या मंडळ्यांची पोती गुरुवारी सकाळी मालगाडीने निघणार होती. मी त्याच दिवशी घरोघर सांगून आले: मंगळवारी सकाळी तांदूळ आणा.

चार गोणी भरल्या. उघडून पाहते तो सगळे भात, टरफलासकट! मी नगरकडची, ज्वारी काढावी आणि दळावी, एवढेच मला ठाऊक. इथे घरात भात साठवतात, लागेल तसे कांडतात, आणि देवळाला द्यायचे ते भातच द्यायचे अशी रीत. इथे येऊन चार महिने झाले, तरी हे मला कुणी सांगितले नव्हते. खरे तर मीच कुणाला विचारले नव्हते.

तीन उखळे आणि आठ मुसळे मागून आणली, पाळ्यांचा कागद भिंतीला लावला. लगेच मास्तरीणबाईंना ताप आला आणि मास्तरांचा खांदा धरला. शांताबाई-रूथबाईंनी तासाभरात कांडले ते त्यांच्याच दुपारच्या जेवणाला पुरले नसते. मी देवळात जाऊन गुडघे टेकले. प्रार्थनाही मला मुद्देसूदच येते: “प्रभू, मुसळ चालवणाऱ्या बायका आठ. बळकट. उद्या संध्याकाळच्या आत.” मग, विश्वास तोकडा असल्यामुळे, स्वतःच कांडायला लागले.

तेवढ्यात डोंगरातल्या ठाकरवाडीच्या बायका मोळ्या घेऊन आवारात शिरल्या. वखारवाला लग्नाला गेलेला, वखार उद्यापर्यंत बंद. मोळ्या परत वर कोण नेणार, म्हणून सावलीला टेकल्या. त्यांच्यातली म्हातारी चांगुणा माझ्याकडे बघतच राहिली.

“बाय, भाताला मारतीस का गोंजारतीस गं?”

मी सांगितले, तिकडे जमीन हलली, घरे अंगावर पडून माणसे मेली, उरलेल्यांसाठी हे चालले आहे.

“घर पडून मानूस मरतंय?” तिला नवल वाटले. “आमचं कुडाचं. पडलं तर आमी शिव्या देत भाईर येतो. तसली जड घरं बांदू नका म्हनावं त्यांना.” मग मागे वळून, “उठा गं. पोरं उपाशी हायत तिथं.”

मी मोजल्या. “सातच?” माझ्या तोंडून निघून गेले.

चांगुणाने एक मुसळ माझ्या हातात कोंबले. “आन तू काय पाव्हनी हायस?”

त्या दोन दिवस आमच्यात जेवल्या, हसल्या, माझ्या प्रत्येक घावाला नावे ठेवली. बुधवारी दिवस मावळायच्या आत चारही गोणींचे तांदूळ झाले, आणि गुरुवारी गाडीत चढले. त्यांनी कोंबड्यांसाठी कोंडा तेवढा मागून घेतला. वखारवाला गेला ते लग्न त्याच मुहूर्तावर का निघाले, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मी देवाकडे मदत मागितली तेव्हा तिच्यात स्वतःला धरले नव्हते. त्याने धरले होते, एवढे मला कळले. त्याचे उपकार मानले, आणि फोड आलेल्या हातांना तूप लावले.

आभाराच्या यादीत चांगुणाचे नाव लिहू लागले तर ती म्हणाली, “लिवून काय व्हतंय? वर ये. माजी वरई कांडायची ऱ्हायलीय.” मी येते म्हणाले. याला सहा आठवडे झाले. वाट चढाची आहे. काल मोळीवालीबरोबर निरोप आला: वरई अजून तशीच हाय.