बयाबाईनं शिवलेलं इमान

आमची वैनी बयाबाई लोणंदच्या पंचक्रोशीत वाकळ शिवणारी म्हणून नावाजलेली. हात लय साफ, तोंड तेवढंच फटकळ. चौऱ्याहत्तर साली मीच तिला कराडच्या धावपट्टीवर नेलं. मी हवाई दलातनं मेकॅनिक म्हणून रिटायर झालेलो, आन् तिथलेच आमचे वैमानिक हंबीरराव सायब, त्यांनी दुसऱ्या महायुद्धातलं एक लढाऊ इमान भंगारातनं उचलून आणलेलं. पुण्याच्या हवाई कसरतीत ते परत उडवायचं, ही सायबांची खाज. इंजिन झालं, पंख झालं, राहिलं शेपटीचं सुकाणू. त्याच्या सांगाड्यावर कापड चढवून ते हातानंच शिवावं लागतंय.

"एवढं मोठं धूड, आन् शेपटीला धडुतं व्हय रं?" वैनी म्हणाली. पर शिवलं मात्र असं, की बोट फिरवलं तरी टाका लागू नये.

सायबांनी सुकाणू हलवून बघितलं, तर आत खुळखुळ! आत स्क्रू राहिला आन् हवेत कुठं अडकला, तर माणूस इमानासकट खाली.

"स्क्रू न्हाई, जुंधळं हायती," वैनी म्हणाली. "चिमूटभर. वाकळीचं पोट भरल्याबिगर मी तोंड शिवत न्हाई."

माझं टाळकंच सरकलं. "वैनी, ही काय वाकळ हाय? काढा ते आदी!"

तिनं टाके उसवून दाणे काढले आन् सुई खाली ठेवली. "उपाशी शिवणार न्हाई. दुसरी कोन बघा."

दुसरी कुठनं आणू, कपाळ माझं! पर खरं कारण मला ठाऊक व्हतं. पासष्टच्या लढाईला आमच्या फौजी दादाला तातडीनं बोलावणं आलं, तवा हिनं घाईघाईत वाकळ दाण्याबिगर तशीच रिकामी शिवून त्याच्या होल्डॉलात घातली. दादा आला न्हाई. वाकळीनं कुणी मरतंय व्हय? पर हिच्या मनातनं ते काढणार कोण? मी सायबांना बाजूला घेतलं आन् सगळं सांगितलं.

सायब तिच्यासमोर मांडी घालून बसले. "बाई, इमानात बसणार मी. मला जेवू घाला, म्हंजे त्याचं पोट भरलं."

वैनी उठली. मग तिनं तीन दगडांची चूल मांडली, भाकरी थापल्या, ठेचा वाढला, आन् सायब जेवून उठल्यावर उसवलेलं तोंड शिवून टाकलं.

पुण्यात ही गर्दी! इमान उलटं झालं, सुळकन् खाली आलं, परत वर गेलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. वैनी पदर तोंडात धरून जमिनीकडं बघत बसलेली.

"आवं, वर बघा की!"

"तू बघ. उतरलं की सांग."

चाकं टेकली, तसं मी सांगितलं. तिनं मान वर केली. "आलं रं भाऊसो, माघारी आलं," म्हणाली, आन् मोठ्यानं रडायला लागली. दादा गेल्याची तार आली त्या दिवशी ही रडली न्हवती, जनावरांना वैरण टाकायला गेली व्हती. मी तिला रडू दिलं.