पत्नीच्या कानातले हाड

गणपतीच्या दिवशी मी आईशी भांडून पत्नीला नैवेद्याच्या स्वयंपाकाला बसवले, असे आमच्या घरात आजही सांगतात. ते साफ खोटे आहे. भांडणात मी कोणाला हार गेलेलो नाही. म्हणूनच न केलेल्या भांडणाचे श्रेय मला नको.

ऐंशीच्या दशकातली ही हकिगत. पत्नीचा कान लहानपणापासून वाहत असे आणि आतली नाजूक हाडे झिजून गेली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी कान साफ करून त्यात कृत्रिम पदार्थाचे हाड बसवले. ती बरी होऊन आम्ही रत्नागिरीला परतलो, तोवर ते हाड स्मशानातले असल्याचा बोभाटा आळीभर झाला होता.

नैवेद्याच्या सकाळी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि सुनेशी बोलताना नेहमी लागणाऱ्या चढ्या आवाजात म्हणाली, "मेल्या माणसाचं हाड घेऊन सोवळ्यात येत्येस?"

मी उत्तर देणार, एवढ्यात पत्नीच म्हणाली, "आई, ते कारखान्यात केलेलं आहे. आणि हळू बोललात तरी चालेल, आता मला ऐकू येतं."

आई थबकली. मग पारख करायला म्हणून पाठ फिरवून अगदी हळू पुटपुटली, "मोदकांची उकड गार होत्ये हो."

"मळायला घेत्ये," पत्नी म्हणाली.

आईने तिच्यापुढे पाट सरकवला. त्यानंतर दोघी बराच वेळ बोलत होत्या. त्यांचे बोलणे मला ओटीवर ऐकू न येण्याची ती पहिलीच वेळ होती.