कोरे कप

सन एकोणीसशे चाळीस. मी तेव्हा चोवीस वर्षांचा. शाळा दुसरीतच सुटली, पण घरात माझा शब्द कोणी खाली पडू देत नसे. धाकट्या बहिणीच्या दोन सोयरिकी जुळता जुळता मोडल्या होत्या. तिसरी धामणगाव बढ्याची. ही गेली तर पोरगी घरातच राहील, याच धास्तीनं बाबांची झोप उडाली होती.

आमच्याकडे पाहुण्यांनी मुलीच्या घरचा चहा घेतला की होकार, न घेता उठले की नकार. चहा प्यायचा पितळी वाटीतून, आणि ओठ भाजायचे. म्हणून मी खामगावच्या बाजारातून गवतात बांधलेल्या सहा कोऱ्या चिनी कपबशा आणल्या. बाबा तापले. त्यांचंही खरंच होतं. उष्टं झालेलं पितळ राखेनं घासलं की शुद्ध होतं, मातीचं होत नाही, ते फोडावंच लागतं. आणि कप पडले मातीचे. मी म्हटलं, पाहुणे बसले की त्यांच्यासमोरच गवतातून काढतो, मग तर झालं?

तसंच केलं. नवऱ्या मुलाचे काका सगळ्यांत वडील, त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाही. कप पुढे केला तर हातच लावेनात.

"याले तोंड कोनाचं लागलं?"

"कोनाचंच नाही, काकाजी. गवताची काडी अजून बशीले चिकटून हाये, पाहा."

आई दाराआडून वाट्या पुढे सरकवू लागली. मी त्या हातानं मागे सारल्या. बाबांनी डोळे वटारले, मी पाहिलंच नाही. आणले ते कप, तर चहा कपातच देणार. तो निवत चालला होता.

काकाजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लय हेकट हायेस बे तू. पोरगीबी अशीच हाये काय?"

बाबा खाली पाहू लागले. नाही म्हणणं सोपं होतं, पण मला खोटं बोलता येत नाही.

"माह्याहून जास्त."

 मग काकाजींचं पोट हलायला लागलं, मिशा हलायला लागल्या, आणि हसता हसताच त्यांनी चहा बशीत ओतून फुर्र करून ओढला. सोयरीक जमली. आत आई देवापुढे साखर ठेवायला धावली.

उठताना त्यांनी कप उपडा घातला आणि बाबांना बजावलं की आता हे फोडून टाका, घरात ठेवू नका. बाबांनी हो म्हटलं. मी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीतली मूठभर राख घेऊन काकाजींचा कप मी स्वतः घासला, त्यात चहा ओतून घेतला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ओट्यावर बसून प्यालो.