फिल्टरवरचा हात

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. मीटरवर दिसत नाही ते नसतं, एवढं साधं मत. अडचण ही, की हे मीटरवरच दिसलं.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. साकीनाक्याच्या एका गाळ्यात आम्ही तिघं – शेठ, मी इंजिनिअर, आणि गिरणी बंद पडल्यावर इथे लागलेले मालवणचे परब काका. गोरेगावच्या एका स्टुडिओला दिव्यांच्या पेट्यांसाठी रेडिओ टॅग हवे होते. पेटी दारातून गेली की यंत्रावर तिचा नंबर उमटायला हवा. शुक्रवारी चाचणी. ऑर्डर गेली तर गाळा बंद, हे शेठने आधीच सांगून टाकलं होतं.

प्रत्येक टॅगमध्ये आगपेटीपेक्षा लहान फिल्टर. त्याने आपली फ्रिक्वेन्सी तेवढी आत घ्यायची, बाकीच्या अडवायच्या. तो जुळवायला आम्ही त्याच्या पट्टीवरचं तांबं ब्लेडने खरवडायचो, की फ्रिक्वेन्सी वर चढते. मग दोन पावलं मागे सरकून मीटर वाचायचो. नुसता हात जवळ असला तरी ती खाली येते. खरवडलेलं तांबं परत लावता येत नाही. सहा पट्ट्या अशाच फुकट गेल्या होत्या.

गुरुवारी दुपारी सातवी. काटा खालीच.

"काका, हात काढा ना!"

"माझो हात खिशात आसा. तुझोच काढ, रे."

आम्ही दोघंही दारापाशी होतो. पट्टी लाकडी स्टुलावर ठेवली, आजूबाजूचं सगळं लोखंड हलवलं, बॅटरी बदलली... काटा तिथेच. हात धरल्यावर येतो, नेमका तेवढाच खाली.

"कोणाचो तरी हात आसा वरती," काका म्हणाले. "खरवडू नको."

"मग उद्या काय दाखवू? तुमचा हात?" वैतागून मी काटा जागेवर येईपर्यंत खरवडलं.

शुक्रवारी गोरेगावला टॅग मुका. पेटी पाचदा दारातून नेली. शेवटी मी टॅगवर दोन बोटं अंतर ठेवून तळहात धरला – नंबर आला. हात काढला – गेला.

स्टुडिओचा मॅनेजर म्हणाला, "प्रत्येक पेटीबरोबर तू येणार का रे, हात धरायला?" सगळे हसले. शेठ सोडून.

शनिवारी तोच टॅग आमच्या टेबलावर ठेवला. जवळ कुणी नाही, आणि काटा अगदी बरोबर जागेवर. काका आपली हत्यारं पिशवीत भरत होते. त्यांची ही दुसरी बंद पडलेली नोकरी. माझं डोकं फिरलं. रिकाम्या टेबलावर ओरडलो, "आता तरी काढ ना हात!"

काटा हलला. वर चढला आणि थांबला. हात धरल्यावर जितका खाली येतो, बरोबर तेवढाच वर. म्हणूनच गोरेगावला टॅग मुका होता.

पुढे अनेक जाणकारांना विचारलं. टेबल, वायरिंग, हवेतला दमटपणा – प्रत्येकाचं उत्तर वेगळं, आणि मला एकही पटलेलं नाही. काकांनी मात्र त्या दिवशी काट्याकडे पाहिलं आणि पिशवी खांद्याला लावली.

"ह्यां तेका गुरवारी सांगूक व्हयां होतां," ते म्हणाले.