कोंडाजींच्या अंगठ्यावर

सोनाकाकींना बँकेबद्दल विचारलं, की त्या नवऱ्याचं, कोंडाजींचंच वाक्य सांगायच्या, "पेटी फोडतील, पर मानसाचा आंगठा कोन चोरंल?" म्हसळ्याजवळची डोंगराकडची जमीन विकून आलेले दीड लाख कोंडाजींनी दोघांच्या खात्यात ठेवले होते, नात आरोहीच्या नर्सिंगच्या फीसाठी. त्यांना सही येत नव्हती. अंगठा लावला की पैसे निघत, आणि त्यांना तेवढं पुरे होतं.

कोंडाजी माघात गेले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. भावकीने नाही नाही ती वचनं दिली, आरोहीला शिकवू म्हणूनही सांगितलं, पण कावळे आंब्यावरून नुसते बघत राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा शिववला. पण माणूस मागे अडकून राहिला, हे काकींच्या मनातून जाईना.

होळी झाल्यावर एका दुपारी त्या फोन घेऊन शेजारी माझ्याकडे आल्या. मी बँकेचा मेसेज वाचला आणि अंगावर काटा आला. कोंडाजींच्या अंगठ्यावर पालीत दहा हजार काढले होते.

"काकी, आधी बँकेत जा!" मी ओरडलेच.

काकी मात्र हसल्या. "जाते उद्या," म्हणाल्या. गेल्या असतील असं मी धरून चालले. मी काही त्यांच्या मागे काठी घेऊन फिरत नव्हते.

त्यांचा फोन पुढेही अधूनमधून मेसेजने वाजायचा. दार भरदुपारी सताड उघडं, ओटीवर तांब्याभर पाणी आणि काकी कोणाशी तरी बोलतायत. "पालीच्या गणपतीचा नवस फेडलात, बरं झालं," हे मी स्वतः ऐकलं. ओटीवर त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. खरं सांगते, त्या घराकडे जायला मला भीती वाटू लागली.

आरोही फीसाठी आली तेव्हा खात्यात काही उरलं नव्हतं. आम्ही तिघी बँकेत गेलो. साहेब बिचारा भला होता. खरेदीखतावरचा ठसा कोणीतरी मिळवला, त्यावरून रबराचा अंगठा बनवला, असं त्याने समजावलं. माणूस गेल्याचं बँकेला कोणी कळवलंच नव्हतं, आणि यंत्राला जिवंत-मेलेलं कळत नाही. "पहिल्या मेसेजलाच आला असतात, तर पैसे वाचले असते, आजी."

मला असा संताप आला! "का नाही आलात, काकी?"

"ह्येच काडत व्हते न्हवं? आदी पाली, मंग काशीदला बहिनीकडं, पोरं वाचून दावत व्हती. फिरूंदे म्हटलं. मी हितं येऊन त्यांचा आंगठा बंद करू व्हय?"

आरोही हुंदके द्यायला लागली. साहेब हळू आवाजात पुन्हा म्हणाला, "आजी, तो चोर होता. कोंडाजी नव्हते."

काकींनी नातीकडे पाहिलं, मग साहेबाकडे.

"मंग ह्ये इतकं दिस कुटं हायत?"